फाल्गुनातला टीसी

रविवारी सकाळी बेल वाजते. दार उघडावं तर अप्पा. पांढरा लेंगा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशाला लाल पेन, काखेत लांबट डायरी. "काय म्हणता, बरंय ना" असलं काही नाही. उजव्या हाताचा पंजा पुढे आणि एकच शब्द:

"तिकीट?"

रंगपंचमी नुकतीच झालेली असते. पोरांच्या कानामागचा गुलाबी रंग अजून निघालेला नसतो. पाडवा आठ-दहा दिवसांवर आलेला असतो आणि मीरा रोडच्या हाटकेशमधल्या आमच्या सातमजली इमारतीत तिकीट तपासणी सुरू झालेली असते. मग घरात पळापळ. आषाढाचं फ्रिजवर होतं ना? ते पौषाचं गं. आषाढाचं गॅसच्या पुस्तकात ठेवलं होतं. गॅसचं पुस्तक कुठंय? ते काय, तुमच्या त्या इन्कम टॅक्सच्या फायलीत. अप्पा उंबऱ्याबाहेर शांत उभे. चहाला बोलावलं तर आत येत नाहीत. "ड्यूटीवर आहे," म्हणतात.

ज्यांनी लोकलचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट हातात धरलंय त्यांना या तिकिटाचं माप सांगायला नको. ज्यांचा प्रवास मोबाइलवरच्या क्यूआर कोडपासूनच सुरू झाला त्यांच्यासाठी सांगतो: सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाच्या जरासं आत रुंद. एडमन्सन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तरानं 1830 च्या दशकात ही छापील पुठ्ठ्याची तिकिटं काढली आणि पुढे निम्म्या जगानं त्याच मापात प्रवास केला. अप्पांनी मीरा रोड ते ग्रँट रोड अशी अनेक वर्षं लोकलमध्ये उभ्यानं काढली. पास असल्यामुळे पुठ्ठ्याचं तिकीट त्यांच्या वाट्याला क्वचितच यायचं, पण माप बोटांत बसलं ते बसलंच. त्या मापावर ते ऋतू रंगवतात. दर मराठी महिन्याला दहा तिकिटं, वर्षाची एकशे वीस.

एकशे वीसच का, हा प्रश्न त्यांना एकदा सहज विचारला आणि पाऊण तास गेला. अप्पा मूळचे सावंतवाडीचे. लहानपणी कुणाच्या तरी घरी त्यांनी दशावतारी गंजिफा पाहिल्या होत्या: गोल, लाखेची चकाकी असलेली हाती रंगवलेली पानं. दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, वजीर आणि एक ते दहा, म्हणजे बारा पानं. बारा दाहे एकशे वीस. "तिथं दहा अवतार, बारा पानं. हयसर बारा म्हयने, धा पानां. हिशेब तोच, फक्त आडव्याचा उभा केला," असं म्हणून अप्पांनी डायरी मिटली. भावनेचा विषय निघाला की अप्पा मालवणीत उतरतात. एरवी ते गिरगावच्या छापखान्यातलं मराठी बोलतात. तेही वेगळंच असतं म्हणा.

इमारतीत अठ्ठावीस घरं. प्रत्येक घराला वर्षाकाठी चार तिकिटं, म्हणजे एकशे बारा. उरलेली आठ वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला, अशी फिरतात. अठ्ठाविसांत अप्पांचं स्वतःचं घरही धरलेलं आहे. काकूंना चार तिकिटं मिळतात आणि फाल्गुनात अप्पा स्वतःच्या घराबाहेर उभे राहून स्वतःचीच बेल वाजवतात. काकू दार उघडतात, तिकिटं हातावर ठेवतात आणि दार लावून घेतात. मग अप्पांना किल्लीनं दार उघडून आत जावं लागतं.

आता मुद्द्याचं. अप्पा दिलेली वस्तू परत घेतात. आपण हे लहानपणापासून वाईट समजत आलोय. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला तर ते फारच लागतं. आम्ही आलो तेव्हा पहिल्याच आषाढात त्यांनी माझ्या हातावर एक तिकीट ठेवलं. मला वाटलं, नव्या लाँड्रीचं कूपन असेल. चष्मा लावून पाहिलं तर आमचीच गॅलरी होती. वाळत घातलेली निळी छत्री, तिच्यातून गळणारं पाणी आणि मागे काशीमिऱ्याच्या डोंगरावर उतरलेला ढग. छत्री तांदळाच्या दाण्याएवढी, पण तिची एक काडी मोडलेली होती तीसुद्धा दाखवलेली. मी भारावलो. फ्रेम करायची ठरवली. फ्रेमवाल्यानं हसून परत पाठवलं ते सोडा. आठ महिन्यांनी अप्पा दारात: "तिकीट?" मी म्हटलं, "अप्पा, ते तर तुम्ही भेट दिलं होतं." ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी विरारच्या गाडीत चढून बोरिवलीला उतरायची गोष्ट करतोय. "भेट कसली? प्रवासापुरतं दिलं होतं. प्रवास झाला. आता गेटवर जमा कर."

जमा केलेल्या तिकिटांचं पुढे काय होतं, ते कळलं की राग येतो आणि मग जातो. अप्पा ती कापतात. स्वतः महिनाभर डोळे फोडून रंगवलेली चित्रं, दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं, एका संध्याकाळी. आणि त्या तुकड्यांचा अर्ध्या कार्डशीटवर एक कोलाज करून पाडव्याच्या सकाळी तळमजल्यावर लिफ्टशेजारी लावतात. त्याला ते वर्षपट म्हणतात.

जपून ठेवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. माझ्या आत्याच्या कपाटात वापरलेल्या भेटकागदांच्या घड्या आहेत. चिकटपट्टी नखानं सोडवून, इस्त्री करून ठेवलेल्या. लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून साठवणारे एक गृहस्थ तर माझ्या सासुरवाडीत आहेत. त्यांच्याकडे आता इतके गणपती झालेत की फेकताही येत नाहीत आणि पुजताही येत नाहीत. ही मंडळी "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवतात, आणि तो कधीतरी आला की "यासाठी कशाला, दुसरं घे" म्हणतात. अप्पांचं तसं नाही. ते ठेवतात ते कापायलाच. "त्याची नोकरी संपलेली नाही" हे त्यांचं पालुपद. जुन्या कॅलेंडरचा लाल आकडा, औषधाच्या पाकिटाची चंदेरी पाठ, हापूसच्या पेटीतला कागद, काहीही असो. सोसायटीच्या सुक्या कचऱ्याचा निळा डबा महापालिकेच्या गाडीत जाण्याआधी अप्पांच्या नजरेखालून जातो. वॉचमननं याबाबत एकदा सेक्रेटरींकडे नजर टाकून मौन पाळलं होतं. नंतर कळलं की त्याला तिकिटं चारच्या जागी पाच मिळतात.

ही सवय आली छापखान्यातून. अप्पा पेस्टिंग आर्टिस्ट होते. कॉम्प्युटर यायच्या आधी मजकूर ब्रोमाइडवर उतरून यायचा, लांबच लांब पट्ट्या. त्या मापात कापून, पाठीला रबर सोल्यूशन लावून, आर्टबोर्डवर एकेक ओळ सरळ बसवायची. प्रूफात चूक निघाली आणि पुन्हा ब्रोमाइड काढायला वेळ नसला, की अप्पांच्या खणातल्या काडेपेट्या बाहेर यायच्या. एकीत जुन्या ब्रोमाइडमधून कापलेल्या वेलांट्या, दुसरीत उकार, तिसरीत अनुस्वार. चिमट्यानं उचलायची दीर्घ वेलांटी आणि बसवायची ऱ्हस्वाच्या डोक्यावर. "मराठी साहित्यातल्या कितीतरी दीर्घ वेलांट्या माझ्या आहेत," असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

त्यांचा खरा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा. म्हणजे दिवाळीचा. मासिक मनोरंजननं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी छापखान्यात पावसाळ्यातच सुरू होते. गणपती उठायच्या आत अप्पांच्या टेबलावर आकाशकंदील, फराळाच्या जाहिराती, मुखपृष्ठावरच्या बायका असं सगळं येऊन पडलेलं असायचं. आवाज सारख्या अंकांनी खिडकीचित्रांची चटक लावलेली. पानाला कापलेल्या खिडकीतून भलतंच काही दिसायचं आणि पान उलटलं की निघायचा सोज्वळ भोपळा. अप्पांना त्या खिडकीचं भारी प्रेम. "चित्र तेच. जागा बदलली की अर्थ बदलतो. माझा सगळा धंदा हाच," म्हणतात. नव्वदच्या आसपास डीटीपी आलं आणि हळूहळू पेस्टिंगचं टेबल गेलं. अप्पा काही वर्षं प्रूफं तपासत बसले, मग निवृत्त झाले. निघताना मालकांनी घड्याळ दिलं. अप्पांनी त्या काडेपेट्या मागून घेतल्या.

त्यामुळे त्यांची भाषा अजून छपाईचीच आहे. काकूंनी केलेली पोळी वेडीवाकडी झाली तर "ब्लीड जास्त सुटलाय." खाली कुणी गाडी पिवळ्या रेषेबाहेर लावली तर "कटमार्कच्या बाहेर." नवराबायकोचं भांडण ऐकू आलं तर "रजिस्टर हललंय, दोन रंग एकावर एक बसत नाहीयेत." सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा हिशेब जुळेना तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "कुठंतरी एक वेलांटी ऱ्हस्व राहिलीय." खजिनदार अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत.

अप्पांच्या तिकिटातले ऋतू पुस्तकातले नसतात. वसंत म्हणजे कोकीळ, ग्रीष्म म्हणजे तापलेला सूर्य, असलं काही सापडायचं नाही. त्यांचा वैशाख म्हणजे रस्त्याकडेला टोपलीत ताडगोळे सोलत बसलेली बाई आणि तिच्या मागे उभा टेम्पो. ज्येष्ठ म्हणजे निळी ताडपत्री. जून लागला की आमच्या भागातल्या निम्म्या इमारती निळ्या ताडपत्रीत शिरतात, इतक्या की वर्षा ऋतूचा रंग हिरवा आहे असं इथल्या मुलांना सांगून पटणार नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशावरचा नारळ. पौषात विजेच्या तारेला लटकलेला फाटका पतंग. माघात हातगाडीवरची स्ट्रॉबेरी, आणि तिच्यावर बसलेली एक माशी. माशीसाठी त्यांनी ब्रशचा एकच केस वापरला असं ते शपथेवर सांगतात. गेली काही वर्षं प्रत्येक महिन्यात क्रेन आहे. काशीगावच्या बाजूला मेट्रोचे खांब उभे राहायला लागले तेव्हापासून आश्विनातल्या भोंडल्याच्या मागेही क्रेन आणि कार्तिकातल्या कंदिलाच्या मागेही क्रेन. "मी काय करू? दिसते ती काढतो."

पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा किंवा हाटकेश उद्योगनगरातल्या एका गाळ्यातून आणलेला. तिथे खोकी कापतात आणि कडेची पट्टी फेकतात. ती पट्टी एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं राखाडी, अप्पांच्या मापाला चपखल. रंग साधे पोस्टर कलर. ब्रश शून्य नंबरचा आणि तोही झिजलेला. "नवा ब्रश मोठ्या माणसांसाठी."

कापण्याचं काम मात्र एकदा बघायला बसावं. मी बसलोय. टेबलावर काच, काचेवर तिकीट उलटं. अप्पा कोपरा नखानं किंचित मोडतात. पुठ्ठ्याचे थर तिथे सुटतात. मग आतला राखाडी थर दोन बोटांत धरून मागे खेचायचा, हळूहळू. उकडलेल्या रताळ्याचं साल निघावं तसा तो अखंड निघतो. खाली उरतो तो नुसता रंगवलेला पांढरा पापुद्रा, उजेडात धरला तर बोटं दिसतील एवढा. पाण्यानं सोलायची सोय नाही, कारण पोस्टर कलर पाण्याला घाबरतो. या सोलण्याच्या वेळी अप्पा बोलत नाहीत, पंखा बंद असतो, आणि काकूंनी मिक्सर लावायचा नसतो. एकदा लावला होता. तो भाद्रपद अजून मिक्सरचा भाद्रपद म्हणून ओळखला जातो. पापुद्र्याला मग खळ. बाइंडर लावतात तशी मैद्याची, मोरचूद घातलेली, म्हणजे झुरळं फिरकत नाहीत. फेविकॉल का नाही, तर "फेविकॉल सोडत नाही. माणसाला कधी मन बदलायचं असतं."

पटावरचं दृश्य दर वर्षी तेच: आमच्या गच्चीवरून दिसणारं. पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर, खाली घोडबंदर रोड, मध्ये आम्ही सगळे, पश्चिमेला मिठागरं आणि खाडी. मिठागरं आता गच्चीवरून दिसत नाहीत, मध्ये टॉवर आलेत. मी तसं म्हटलं तर अप्पा म्हणाले, "दिसत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तिकडे आहेत ना?" तिकिटातलं चित्र पटावर त्याच्या जागी येईल तर शपथ. पाडव्याच्या सकाळी, गुढ्या उभ्या राहिल्या की सगळी इमारत लिफ्टपाशी जमते आणि आपापला महिना शोधते.

"अप्पा, आमचा श्रावण कुठाय?"

"बदली झाली. रिक्षाच्या टपावर बघा."

"आणि आषाढ?"

"आषाढ मेट्रोच्या खांबावर. पावसाळी आभाळाइतका चांगला सिमेंटचा रंग दुकानात मिळत नाही."

वैशाखातले ताडगोळे मिठाच्या राशी होतात. हापूसचा पिवळा टेम्पोच्या दिव्यात जातो. माझ्या मोडक्या छत्रीची निळाई एका वर्षी खाडीत गेली, पण मोडकी काडी मात्र त्यांनी वेगळी कापून बगळ्याचा पाय केला. एका वर्षी मार्गशीर्षातला नारळ सेक्रेटरींच्या डोक्याच्या जागी बसला. साम्य नाकारण्यासारखं नव्हतं. सेक्रेटरींनी "सामाईक भिंतीवर विनापरवाना चिकटवलेल्या वस्तू" अशी नोटीस काढली. अप्पांनी नोटीस वाचली, कागद चांगला होता, पुढच्या वर्षी तो डोंगरावर ढग म्हणून दिसला. शिक्क्यासकट.

हरवलेल्या तिकिटाला दंड आहे. पैशात नाही, कागदात. मिठाईच्या खोक्याचं चंदेरी झाकण चालतं, साडीच्या खोक्यावरचं सोनेरी लेबल चालतं, परदेशी चॉकलेटचा कागद असेल तर अप्पा पावती देतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी वर्तमानपत्राचा तुकडा पुढे केला, तर "हे सेकंड क्लासचं झालं. तुमचा प्रवास फर्स्टचा होता" म्हणून परत केला. त्यांच्याच शेजारणीनं एकदा कार्तिकाचं तिकीट न्यू जर्सीला लेकीकडे पाठवून दिलं. फाल्गुनात मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. अप्पा म्हणाले, "फोटोला ब्लेड लागत नाही." लेकीनं ते पुढच्या डिसेंबरात कुणाच्या तरी हाती परत पाठवलं आणि ते त्या वर्षीच्या पटात गेलं. डायरीत नोंद आहे: गाडी नऊ महिने उशिरा.

अप्पांवर सर्वांत मोठं संकट आलं ते जिवतीच्या कागदावरून. काकू श्रावणात देवापाशी जिवती लावतात. त्यात नरसिंह, कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जिवत्या, आणि खाली हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती. त्या वर्षी आमच्या भागात बिबट्या दिसल्याची बोलवा उठली होती. डोंगर जवळ असल्यानं अशी बोलवा इथे अधूनमधून उठतेच. अप्पांना पटात बिबट्या हवा होता आणि वाघ समोर टांगलेला होता. श्रावण संपल्यावर, अगदी नियमानं, त्यांनी वाघ कापून घेतला. चोख काम. बृहस्पतीचं धोतरसुद्धा दुखावलं नाही. पण काकूंनी तो कागद विसर्जनासाठी काढला तेव्हा त्यांना दिसला तो हवेत मांडी घालून बसलेला बृहस्पती, हातात चाबूक आणि खाली काहीच नाही. वार नेमका गुरुवार. "गुरूला पायी घातलंत!" हे वाक्य दोन मजले ऐकू गेलं. अप्पांचं म्हणणं, वाघाचं काम झालं होतं, त्याची बदली केली. काकूंनी आठ दिवस त्यांचा चहा बदलीवर पाठवला. म्हणजे आमच्याकडे. त्या आठ दिवसांत मला छपाईबद्दल जे ज्ञान मिळालं ते मी इथे वापरतोय.

काकूंचं या सगळ्याबद्दल मत विचारलं तर त्या पलंगावरची गोधडी दाखवतात. आईची इरकल, मुलीचा पहिला फ्रॉक, अप्पांचे दोन शर्ट, सगळं तीत आहे. "मीही कापते आणि जोडते. फरक एवढाच, माझं थंडीत अंगावर घेता येतं."

वरच्या मजल्यावर कलाशाखेत शिकणारी एक मुलगी आहे. तिनं अप्पांना सांगितलं की झुरिकमध्ये स्टिर्नेमान नावाच्या स्विस चित्रकारानं 1997 मध्ये असंच काही सुरू केलं. पत्त्याच्या पानाएवढी चित्रं, अडीच इंच बाय साडेतीन, विकायची नाहीत, फक्त एकमेकांत अदलाबदल. अप्पा खूश झाले. "विकायची नाहीत हे फार बरोबर. मग वर्षअखेर परत घेतात ना?" नाही म्हणाली. "नाही? मग लोक माजतील." मग तिनं मातिसची गोष्ट सांगितली. म्हातारपणी आजारानं उभं राहवेना, तेव्हा त्यानं कागद आधी रंगवून घेतले आणि मग कात्रीनं कापून चित्रं केली, 1947 मध्ये त्यांचं जॅझ नावाचं पुस्तकही निघालं. अप्पा बराच वेळ विचार करून म्हणाले, "आधी रंगवायचं, मग कापायचं. माणूस छापखान्यातला वाटतो."

अधिक महिना आला की हिशेब बिघडतो. 2023 मध्ये श्रावण अधिक आला. एकशे वीसची एकशे तीस झाली. दहा तिकिटं जादा आणि घरं तेवढीच. गंजिफांच्या जोडात दहा पानं वाढल्यासारखी अप्पांची झोप उडाली. शेवटी धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात तसं त्यांनी इमारतीतल्या जावयांना शोधून ती वाटली. जावई पुणे, नाशिक, डोंबिवली असे पांगलेले. फाल्गुनात वसुली करताना अप्पांना फोन करावे लागले. एका जावयानं "काका, ते भेट होतं ना?" असं विचारलं. पुढचं संभाषण काकूंनी फोन काढून घेतल्यामुळे अपुरं आहे.

एक पट मात्र अर्धा आहे. 2020 चा. वसुली वरून खाली करायची पद्धत, गुडघ्यांसाठी. 15 मार्चच्या रविवारी सातवा ते चौथा मजला झाला. उरलेले तीन पुढच्या रविवारी. तो 22 मार्च, जनता कर्फ्यू. आणि 25 तारखेला पाडवा आणि देशभर टाळं एकाच दिवशी. आम्ही खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी तिकिटं काढून तयार ठेवली होती. कधी नव्हे ती सगळी सापडलीही होती. कुणी म्हणालं, टोपलीला दोरी बांधून वर पाठवू. अप्पा गॅलरीतून म्हणाले, "नको. तपासणी दारात होते." मिळालेल्या चार मजल्यांच्या तिकिटांचा त्यांनी पट केला: डोंगर, आभाळ, इमारतींचे वरचे मजले. त्याखाली कोरा पुठ्ठा. रस्ता नाही, रिक्षा नाही, माणूस नाही. पुढे सगळं सुरू झाल्यावर आम्ही तिकिटं दिली, पण अप्पांनी त्या पटाला हात लावला नाही. "तेव्हा खाली होतंच काय?" एवढंच म्हणाले. त्या वर्षीची आमची तिकिटं त्यांनी न कापता पाकिटात ठेवली आहेत. अप्पांच्या घरातलं न कापलेलं पाकीट तेवढं एकच.

अप्पांच्या डायरीत आमच्या फ्लॅट नंबरपुढे एक लाल फुली आहे. ती दर वर्षी पुढच्या डायरीत उतरवली जाते, मागील बाकी म्हणून. कार्तिकातलं एक तिकीट आम्ही कधीच जमा केलं नाही. त्यात आमच्या गॅलरीतली तुळस आहे आणि तुळशीशेजारी पाटावर माझी आई वाती वळत बसलेली, पाठमोरी. अंबाडा मोहरीएवढा. त्याच माघात ती गेली. फाल्गुनात अप्पा आले तेव्हा मी म्हटलं, "हरवलं." तेव्हापासून दर वर्षी हाच खेळ. "ते कार्तिकाचं?" "नाही हो सापडलं." "दंड." मी दंड देतो. एव्हाना एका तिकिटापायी मिठाईची सात खोकी गेली असतील.

यंदा दार धाकटीनं उघडलं. तिला हे प्रकरण माहीत नव्हतं. मी पायजम्याची नाडी बांधत बाहेर येईपर्यंत तिनं देव्हाऱ्यातली आजीची पोथी उघडून ते तिकीट काढलं होतं आणि अप्पांच्या हातावर ठेवलं होतं. "आजोबा, हे बघा, हे तुमच्या डायरीतलं हरवलेलं!"

अप्पांनी चष्मा कपाळावर सारला. तिकीट डोळ्यांजवळ नेलं. मग खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली. ती त्यांच्या खिशात कायम असते. लांबी मोजली, रुंदी मोजली. परत लांबी मोजली.

"हे माझं नाही," म्हणाले. "मापात नाही बघ. अर्धा सूत कमी भरतंय."

धाकटी गोंधळली. मी काही बोललो नाही. अप्पांनी तिकीट तिच्या हातात दिलं, डायरी उघडली, लाल पेनानं आमच्यापुढे पुन्हा फुली मारली आणि माझ्याकडे हात केला.

"दंड?"

मी आतून काजूकतलीच्या खोक्याचं झाकण आणून दिलं. ते उजेडाकडे धरून, वाकवून बघून त्यांनी काखेत घातलं. दोन पायऱ्या उतरले आणि न वळताच धाकटीला म्हणाले, "पाण्यापासून सांभाळ हां बाये. पोस्टर कलर आसा, उतरतलो."